कुळाचा निकाल आधी तहसीलदार का देतात? गोष्ट रत्नागिरीच्या रावसाहेब मंडलिकांची

कोकणात जमिनीची एखादी केस दिवाणी कोर्टात उभी राहते. ताब्याची असेल, मनाई हुकूमाची असेल. साक्षीपुरावे चालू असताना समोरचा माणूस सांगतो की मी या जमिनीत कूळ आहे. हा मुद्दा निकालासाठी गरजेचा असेल तर न्यायाधीशांना तिथं थांबावं लागतं. तो कूळ आहे की नाही, हे ते स्वतः ठरवत नाहीत. तेवढा मुद्दा तहसीलदारांकडे पाठवतात आणि तिकडून निर्णय आला की केस पुढे सरकते.

तहसीलदार म्हणजे तेच, ज्यांच्याकडे दाखले मिळतात, जे निवडणुकीची तयारी बघतात आणि वादळ आलं की पडझडीचे पंचनामे करून घेतात. ते सरकारचे अधिकारी आहेत. पण कूळकायद्यापुरते ते न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतात. नोटीस काढतात, जबाब घेतात, कागद तपासतात आणि निकाल देतात.

कोर्ट असताना हे काम सरकारी अधिकाऱ्याकडे का दिलं, हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. या प्रश्नावरून दीडशे वर्षांपूर्वी रत्नागिरी जिल्ह्यात मोठं रण पेटलं होतं. एका बाजूला सरकार आणि त्याचे मोजणी अधिकारी, दुसऱ्या बाजूला जिल्ह्यातले खोत आणि या दोघांच्या मध्ये कूळ. या लढाईत खोतांच्या बाजूनं उभा राहिलेला सगळ्यात वजनदार माणूस रत्नागिरी जिल्ह्यातलाच होता. त्यांचं नाव रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक.

मुरूडचा मुलगा हायकोर्टात

मंडलिकांचा जन्म ८ मार्च १८३३ चा. गाव मुरूड. हे जंजिऱ्याचं मुरूड नव्हे, दापोली तालुक्यात हर्णैजवळ समुद्रकाठी असलेलं मुरूड. महर्षी धोंडो केशव कर्वे याच गावात वाढले. मंडलिकांचं घराणं खोतांचं. म्हणजे गावात मान होता, जमीन होती आणि कुळंही होती.

रत्नागिरीत इंग्रजीचे धडे गिरवून ते मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये गेले. शिक्षण झाल्यावर काही वर्षं सरकारी नोकरी केली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं लिहिलेला हिंदुस्थानचा इतिहास त्यांनी मराठीत आणला. नोकरीत राहिले असते तर चांगल्या हुद्द्यावर निवृत्त झाले असते, पण त्यांनी ती सोडली आणि वकिलीचा रस्ता धरला.

वेळही अचूक साधली. मुंबईचं हायकोर्ट १८६२ साली सुरू झालं. नव्या कोर्टाला इंग्रजी कायदा आणि इथलं धर्मशास्त्र दोन्ही कळणारी माणसं हवी होती. मंडलिकांना संस्कृत येत होतं, गावाकडच्या रीतिरिवाजांची माहिती होती आणि इंग्रजीवर हुकमत होती. थोड्याच वर्षांत त्यांचं नाव हायकोर्टातल्या आघाडीच्या वकिलांमध्ये घेतलं जाऊ लागलं. १८६४ साली त्यांनी 'नेटिव्ह ओपिनियन' हे पत्र सुरू केलं आणि सरकारच्या धोरणांवर त्यातून लिहू लागले.

१८७४ साली सरकारनं त्यांना मुंबईच्या कायदेमंडळावर नेमलं. तेव्हा निवडणूक नव्हती. गव्हर्नर ज्याला बोलावेल तो सभासद आणि बहुमत कायम सरकारचंच. अशा सभागृहात सरकारनं नेमलेल्या माणसानं सरकारच्या विरोधात बोलायचं म्हणजे धाडसाचं काम. मंडलिक ते करत. आणि त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात अवघड विषय थेट त्यांच्या घरच्या अंगणातून आला.

खोती म्हणजे नेमकं काय?

देशावर इंग्रजांनी रयतवारी लावली. म्हणजे शेतकरी थेट सरकारला सारा भरणार. रत्नागिरी जिल्ह्यात, आणि तेव्हा यात आजच्या सिंधुदुर्गाचा बराचसा भागही होता, बहुतेक गावांत मधे खोत असे. खोत गावाचा सारा सरकारात भरायचा आणि कुळांकडून पीक वसूल करायचा. कुठं उत्पन्नाचा निम्मा हिस्सा म्हणजे अर्धेली, कुठं तिसरा हिस्सा म्हणजे तिर्धेली. शिवाय वेठ होती. खोताच्या शेतावर, खोताच्या घरी फुकट राबायचं.

सगळी कुळं एकसारखी नव्हती. धारेकरी फक्त ठरलेला धारा द्यायचा, त्याच्यापुढे खोताचं फार चालत नसे. काही कुळं पिढ्यान्‌पिढ्या एकच जमीन कसत होती. आणि काहींना खोत दर वर्षी बदलू शकत होता. कोण कुठल्या प्रकारात बसतो, हे लिहिलेलं असेल तर ते खोताच्या वहीत. कुळाकडे बहुतेक वेळा कागदाचा तुकडाही नसे.

इंग्रजांची मोजणी कोकणात आली तेव्हा पहिला प्रश्न उभा राहिला तो हाच. या जमिनीचा मालक कोण?

सरकारचं म्हणणं होतं की खोत हा सारा गोळा करणारा माणूस, गावाचा धनी नाही. खोतांचं म्हणणं होतं की गाव आमच्या पूर्वजांनी वसवलं, जंगल तोडून जमीन लागवडीखाली आणली, पेशवाईपासूनच्या सनदा आमच्याकडे आहेत, जमीन आमची आणि कूळ आमच्या मर्जीनं कसतं.

अधिकारी की न्यायाधीश?

१८६५ च्या मोजणी कायद्यानं सरकारनं मोजणी अधिकाऱ्यांच्या हाती एक नवं हत्यार दिलं. खोती गावांत खोतानं कुळाकडून किती घ्यायचं, याला मर्यादा घालण्याचा अधिकार. मोजणी अधिकारी गावोगाव फिरू लागले, कुळांची नोंद करू लागले, देणं ठरवू लागले.

खोत भडकले. कित्येकांनी सरकारला कबुलायत लिहून द्यायलाच नकार दिला आणि त्यांची गावं सरकारी व्यवस्थेखाली गेली. काही जण हायकोर्टात गेले. अर्जविनंत्या, चौकश्या, अहवाल असं करत दीड दशक हे प्रकरण धुमसत राहिलं.

यातला कायद्याचा मुद्दा आजही महत्त्वाचा आहे, म्हणून दोन्ही बाजू नीट बघू.

कोर्टाच्या बाजूनं बोलायचं तर न्यायाधीश कुणाचा नोकर म्हणून निकाल देत नाही. तो पुरावा बघतो, दोन्ही वकिलांचं ऐकतो, कारणं लिहितो. मोजणी अधिकारी मात्र सरकारचा माणूस. खोतीच्या वादात सरकार स्वतःच एक पक्षकार होतं, कारण खोताचा हक्क जितका कमी ठरेल तितका सरकारचा हात मोकळा. मग सरकारच्याच अधिकाऱ्यानं खोताच्या हक्काचा निवाडा करायचा म्हणजे फिर्यादीनंच न्याय करण्यासारखं झालं. मालमत्तेचा हक्क असा फिरत्या अधिकाऱ्याच्या शेऱ्यावर कसा सोडायचा?

अधिकाऱ्याच्या बाजूनं बोलायचं तर कोर्ट कागद मागतं आणि कागद खोताकडे. कोर्टाला मुद्रांक लागतो, वकील लागतो, तालुक्याला खेपा घालाव्या लागतात. पावसाळ्यात नदी ओलांडता येत नाही आणि सुगीत शेत सोडता येत नाही, अशा कुळानं हे करायचं कसं? मोजणी अधिकारी गावात येतो, बांधावर उभा राहतो, चार शेजाऱ्यांना विचारतो. ही जमीन या घराकडे कधीपासून आहे, याचं उत्तर वहीपेक्षा तिथं जास्त खरं मिळतं.

मंडलिक पहिल्या बाजूचे होते. सरकारनं खोतीचं विधेयक आणलं तेव्हा त्यांनी कायदेमंडळात त्याला विरोध केला. त्यांच्यामागे कायद्याचा गाढा अभ्यास होता आणि खोतांची सगळी आशा त्यांच्यावर होती. पण ते स्वतः खोत होते, हेही सगळ्यांना माहीत होतं. तत्त्व आणि हितसंबंध एकाच माणसात इतके मिसळले की वेगळे काढणं कठीण, असा हा प्रसंग.

१८८० : अधिकारी जिंकला

विरोध होऊनही विधेयक मंजूर झालं. १८८० सालचा मुंबई इलाख्याचा पहिला कायदा म्हणजे खोती जमाबंदी कायदा.

या कायद्यात दोन्ही बाजूंना काही ना काही मिळालं. खोताचा हक्क वारशानं चालणारा आणि विकता येणारा म्हणून मान्य झाला. कुळांकडून वसुली करायला सरकारी मदतही मिळणार होती. दुसरीकडे, ज्या कुळाच्या घराण्याकडे १८४५ च्या आधीपासून सलग जमीन आहे, ते कायम कूळ ठरलं. त्याला खोत मनात आलं म्हणून हुसकू शकत नव्हता. मात्र अशा कुळाला आपला हक्क खोताच्या संमतीशिवाय सहसा दुसऱ्याला देता येत नव्हता.

आणि कळीची तरतूद अशी की कोण कुठल्या प्रकारचं कूळ आणि कुणी किती द्यायचं, याची नोंद मोजणी अधिकारी करणार. वाद झाला तर आधी चौकशीही तोच करणार, निवाडाही तोच देणार. कोर्टाचा दरवाजा पूर्ण बंद झाला नाही, पण काही बाबतींत त्या नोंदीला शेवटच्या पुराव्याचं वजन दिलं गेलं. म्हणजे कोर्टात गेलात तरी आधी अधिकाऱ्याचा कागद समोर येणार.

हे काही एकट्या खोतीपुरतं नव्हतं. १८७६ साली महसूल अधिकारक्षेत्राचा कायदा आला आणि साऱ्याच्या बऱ्याच वादांतून दिवाणी कोर्टांना बाजूला केलं गेलं. त्याच वर्षी मामलेदार कोर्टाचाही कायदा झाला. जमिनीचा ताबा कुणी हिसकावला, पाणी अडवलं, तर मामलेदारानं झटपट निकाल द्यायचा. त्याचाच पुढचा अवतार म्हणजे १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा. शेताचा रस्ता अडवला म्हणून आज तहसीलदारांकडे जो अर्ज करतात, तो याच कायद्याच्या कलम ५ खाली.

रावसाहेबांची पुढची वर्षं

खोतीचा कायदा झाला त्याच वर्षी, १८८० मध्ये, मंडलिकांचं सगळ्यात मोठं काम छापून आलं. नीलकंठ भट्टांचा 'व्यवहारमयूख' आणि 'याज्ञवल्क्यस्मृती' यांची मूळ संहिता, सोबत इंग्रजी भाषांतर. वारसा, दत्तक, वाटणी या विषयांवर मुंबई इलाख्यातली कोर्टं 'व्यवहारमयूख' प्रमाण मानत. इंग्रज न्यायाधीशांना संस्कृत येत नसे, त्यामुळे असं भाषांतर म्हणजे रोजच्या कामाचं साधन. पुढे १८८६ साली त्यांनी मनुस्मृती अनेक टीकांसह संपादित करून छापली.

१८८४ साली ते मुंबई हायकोर्टात सरकारी वकील झाले. ज्या सरकारच्या विधेयकाला त्यांनी विरोध केला होता, त्याच सरकारची बाजू मांडायची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्याच सुमारास व्हाइसरॉयच्या कायदेमंडळावरही त्यांची नेमणूक झाली. मुंबई महापालिकेच्या कारभारातही ते होतेच.

सामाजिक बाबतीत ते जुन्या वळणाचे. बालविवाहासारख्या प्रश्नात सरकारनं कायदा करावा, अशी मोहीम बेहरामजी मलबारींनी चालवली, तेव्हा मंडलिक विरोधात होते. त्यांच्या भूमिकांमध्ये एक धागा दिसतो. घर असो की जमीन, सरकारी हात जितका लांब राहील तितका बरा.

९ मे १८८९ रोजी त्यांचं निधन झालं. वय ५६.

मंडलिक गेले, भांडण राहिलं

खोतीचा वाद त्यांच्यामागेही संपला नाही. १९०४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. त्याआधीच्या चर्चेत लोकमान्य टिळकांनीही खोतांची बाजू घेतली होती. टिळकांचं घराणंही दापोलीजवळच्या चिखलगावचं खोत घराणं.

नोंदी झाल्या, निवाडे झाले, पण कुळाची पाठ काही सरळ झाली नाही. अधिकारी नोंद करून निघून जायचा आणि खोत गावातच असायचा. ज्या कुळाला कायद्यानं संरक्षण दिलं होतं, त्याला खोताच्या घरी राबायला जावंच लागायचं, कारण कर्जही त्याचंच आणि दाणेही त्याचेच. शिवाय १८४५ ची अट पुरी न करणाऱ्या हजारो कुळांना तर कायद्याचा आधारच नव्हता.

मग या भांडणात रत्नागिरी जिल्ह्याशी नाळ असलेला आणखी एक वकील उतरला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. म्हणजे मंडलिकांच्या मुरूडपासून फार लांब नाही. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चानं विधिमंडळावर चालून गेले. निवाडा कोर्टानं द्यायचा की अधिकाऱ्यानं, या वादाच्या पुढे जाऊन बाबासाहेबांनी मूळ पद्धतच काढून टाकायची मागणी केली. ते विधेयक मंजूर झालं नाही. पण स्वातंत्र्यानंतर १९४९ चा खोती नष्ट करण्याचा कायदा आला आणि १५ मे १९५० पासून रत्नागिरीतली खोती इतिहासजमा झाली.

आणि अधिकारी पुन्हा न्यायाधीश झाला

खोत गेले, पण कूळ आणि जमीनमालक यांचा वाद होताच. त्यासाठी १९४८ चा कूळवहिवाट कायदा होता. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो कायद्यानं तिचा खरेदीदार मानला गेला. जमिनीची किंमत ठरवायला शेतजमीन न्यायाधिकरण नेमलं. नाव न्यायाधिकरण, पण खुर्चीत महसूल अधिकारीच. कलम ७० नं कूळ कोण हे ठरवायचं काम मामलेदाराला म्हणजे तहसीलदाराला दिलं. कलम ८५ नं या विषयांत दिवाणी कोर्टाला मनाई केली. आणि कलम ८५-अ नं सांगितलं की असा मुद्दा कोर्टात आलाच तर तो तहसीलदाराकडे पाठवा. सुरुवातीला सांगितलेली गोष्ट ती हीच.

१८८० चा विचार स्वतंत्र भारतातही टिकला, कारण त्यामागचं कारण खरं होतं. कुळाला जवळचा, स्वस्त आणि शेत ओळखणारा न्याय हवा होता.

पण मंडलिकांच्या बाजूनं मांडलेला प्रश्नही टिकला. निकाल देणाऱ्या अधिकाऱ्यावर वरून दबाव आला तर? त्याची मध्येच बदली झाली तर? अमेरिकेत सरकारी खात्यांमधल्या वादांसाठी वेगळे प्रशासकीय न्यायाधीश असतात. १९४६ च्या कायद्यानं त्यांच्या पदाची चौकट घातली. ते त्या खात्यातच नोकरीला असतात, पण खातं त्यांच्या कामाला गुण देऊ शकत नाही, म्हणजे निकाल आवडला नाही म्हणून गोपनीय अहवाल खराब करता येत नाही. शिवाय त्यांचं मुख्य काम सुनावणीचंच. आपल्या तहसीलदाराला सकाळी पंचनामा, दुपारी आढावा बैठक आणि उरलेल्या वेळात सुनावणी, असा कारभार करावा लागतो.

आपल्याकडे यावर उपाय म्हणून वर पायऱ्या ठेवल्या. तहसीलदारांचा निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत वरच्या महसूल अधिकाऱ्याकडे अपील. त्यापुढे महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरण आणि त्याच्यावर हायकोर्ट. १९९७ साली एल. चंद्रकुमार खटल्यात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की न्यायाधिकरणं कितीही नेमा, त्यांच्यावरची हायकोर्टाची देखरेख काढून घेता येणार नाही. म्हणजे आधी अधिकारी आणि शेवटी कोर्ट, असा मधला मार्ग निघाला.

याची किंमत वेळात मोजावी लागते. जलद न्यायासाठी अधिकारी नेमला आणि त्याच्यावर इतक्या पायऱ्या चढवल्या की आजोबांच्या नावानं सुरू झालेलं कुळाचं प्रकरण नातवाच्या हाती येतं. एखादी केस हायकोर्टातून नव्यानं चौकशीसाठी परत तहसीलदाराकडे आली की पहिल्या पायरीपासून सुरुवात.

म्हणून तहसील कार्यालयातून ७०-ब किंवा ३२-ग ची नोटीस आली तर ती साधं सरकारी पत्र समजून कपाटात टाकू नका. ते कोर्टाचंच बोलावणं आहे. जुने सातबारे, फेरफार, खंडाच्या पावत्या, जमीन कोण कसत होतं हे सांगणारे शेजारी, जे असेल ते तिथंच मांडायचं असतं. पहिल्या पायरीवर जो पुरावा येत नाही, तो वरच्या पायरीवर आणणं फार कठीण जातं.

१८८० मध्ये मंडलिक हरले आणि कुळाच्या दृष्टीनं ते बरंच झालं. खोताच्या वहीवर चालणाऱ्या कोर्टानं त्या कुळाला काही दिलं नसतं. पण सरकारचा नोकर न्याय करायला बसला की त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार, हा त्या वादातला प्रश्न खोतीबरोबर गेला नाही. तहसील कार्यालयाच्या व्हरांड्यात सुनावणीची पुढची तारीख घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तो आजही पडतो. फरक इतकाच की आता तो विचारणारा बहुतेक वेळा कूळ असतो.